भांडं घेताना आधी बूड बघा

भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक चकाकी, आकार आणि भाव बघतं. दुकानदार तराजूवर ठेवून वजन सांगतो. भांडं किती वर्षं चालेल याचा थोडाफार अंदाज देणारं यातलं एकच, ते म्हणजे वजन. धातू कुठला, बूड किती जाड, त्यात आपण काय शिजवणार, शेगडी गॅसची की इंडक्शनची आणि उद्या बिघडलं तर कोणी दुरुस्त करून देईल का, हे विचारायचं बहुतेकदा राहून जातं. मग दोन-तीन वर्षांत कढईचा लेप उडतो, पातेल्याचं बूड बाहेर येतं आणि पुन्हा दुकानाची वाट धरावी लागते.

रोजच्या आचेवर, रोजच्या घासणीखाली कुठलंही भांडं झिजतंच. टिकाऊ मी त्यालाच म्हणेन, जे झिजल्यावर पुन्हा उभं करता येतं. पितळेला कल्हई लावता येते, बिडाचा तवा पुन्हा तयार करता येतो, कुकरची रिंग बदलता येते. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की दुकानातले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

जाड बूड कशासाठी

खीर असो की बासुंदी, कृती सांगणारा प्रत्येकजण 'जाड बुडाचं पातेलं घ्या' असं सांगतो. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गॅसची ज्योत बुडाला सगळीकडे सारखी लागत नाही, बर्नरच्या कड्याएवढ्याच गोल पट्ट्यात लागते. तिथली उष्णता बाजूला पसरली तर अन्न सारखं शिजतं. पसरली नाही तर तेवढ्याच पट्ट्यात दूध लागतं. पातळ पातेल्यात करपलेल्या खिरीचा डाग नेहमी गोल कड्यासारखा दिसतो, तो यामुळेच.

उष्णता किती पसरेल हे धातूवर अवलंबून असतं. स्टेनलेस स्टील यात फार कच्चं आहे. स्टीलच्या तुलनेत बिडातून साधारण ३ पट, पितळेतून ७ पट, ॲल्युमिनियममधून १५ पट आणि तांब्यातून २५ पट सहज उष्णता वाहते. म्हणून आमटीला नुसतं पातळ स्टील चालून जातं, कारण आमटीतलं पाणीच उष्णता फिरवत राहतं. पण खीर, पिठलं, शिरा, मसाला परतणं अशा घट्ट किंवा कोरड्या कामात ते दगा देतं.

यावर कारखान्यांनी काढलेला तोड म्हणजे थरांचं भांडं. पुरणपोळीत पुरण भरावं तसं दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियम भरलेलं असतं. अन्नाला स्टील लागतं आणि उष्णता आतलं ॲल्युमिनियम पसरवतं. याचे दोन प्रकार मिळतात. ट्रायप्लायमध्ये हे तीन थर बुडापासून काठापर्यंत असतात. सँडविच बॉटममध्ये फक्त बुडाला जाड चकती बसवलेली असते आणि बाजू साध्या पत्र्याच्या असतात. ज्योत त्या चकतीपेक्षा मोठी ठेवली तर चकती संपते तिथे बाजूला अन्न करपतं. पातेल्याला आणि कुकरला सँडविच बॉटम पुरेसं होतं. कढईत मात्र आपण बाजूंवरही परततो, म्हणून कढईसाठी ट्रायप्लायचे जास्त पैसे मोजणं मला रास्त वाटतं.

बुडाला बाहेरून तांब्याचा लाल मुलामा दिलेली भांडी दिसायला सुरेख असतात. पण तो मुलामा बहुतेक वेळा इतका पातळ असतो की स्वयंपाकात फरक पडत नाही, फक्त घासायचं काम वाढतं.

पत्र्याची जाडी दुकानात गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २२ गेज म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर आणि १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. डब्याला, ताटाला २२ गेज चालतो. शेगडीवर चढणाऱ्या साध्या स्टीलच्या भांड्याला तो कमीच पडतो.

स्टील: चकाकी सारखी, पोत वेगळा

इंग्लंडमधल्या शेफिल्डला हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली न गंजणाऱ्या पोलादाचा ओतीव नमुना काढला. या पोलादाचं गुपित क्रोमियममध्ये आहे. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पोलादाच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर जमतो. तो लोखंडाला हवेपासून झाकतो, आणि ओरखडा पडला तर हवेतला प्राणवायू घेऊन आपोआप भरून येतो. स्टीलचं भांडं पिढ्यान्‌पिढ्या चालतं ते या थरामुळे.

पण सगळं स्टील एक नव्हे. आपल्या बाजारात तीन जाती मुख्य. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून त्यालाच १८/८ म्हणतात. आंबट, खारट पदार्थांना आणि दमट हवेला ही जात सगळ्यात चांगली तोंड देते. २०२ मध्ये महागड्या निकेलचा बराच भाग काढून त्याजागी मँगनीज घातलेलं असतं, त्यामुळे ती स्वस्त पडते. नवी असताना दोन्ही भांडी डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. पण मिठाचा किंवा लोणच्याचा डबा २०२ चा असेल तर काही दिवसांत तांबूस ठिपके दिसू लागतात, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत तर लवकरच. तिसरी जात ४३०. हिच्यात निकेल जवळजवळ नसतं, पण हिला लोहचुंबक चिकटतं. म्हणून इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांचा बाहेरचा थर बहुधा ४३० चा आणि आतला ३०४ चा असतो. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनाही ४३० सोयीची.

'लोहचुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील अस्सल' असं आपल्याकडे सर्रास मानतात. त्यावर विसंबू नका. लोहचुंबक ३०४ ला चिकटत नाही आणि २०२ लाही चिकटत नाही, त्यामुळे नेमका जो फरक कळायला हवा तो या परीक्षेत कळतच नाही. उलट ३०४ चा पत्रा ठोकून-दाबून खोलगट भांडं केलं की वळलेल्या कडांना चुंबक थोडंफार धरतं, आणि चांगलं भांडं उगाच परत ठेवलं जातं. चुंबकाचा खरा उपयोग एकच: भांडं इंडक्शनवर चालेल का ते बघायला ते बुडाला लावून बघायचं.

जात ओळखायची तर भांड्यावरचा छाप बघा, '३०४' किंवा '१८/८', आणि बिलावर तसं लिहून मागा. नुसतं 'फूड ग्रेड' किंवा 'सर्जिकल स्टील' लिहिलेलं असेल तर त्यावरून जात कळत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६ आणि ॲल्युमिनियमचं आयएस १६६०. हे आकडे चिन्हाजवळच असतात, ते वाचायची सवय लावून घ्यावी.

सगळीच भांडी ३०४ ची घ्यावीत असं मात्र मी म्हणणार नाही. तांदूळ-डाळीचे डबे, परात, चाळणी, पाण्याचे पेले २०२ चे असले तरी बिघडत नाही. ज्यात आंबट-खारट शिजतं किंवा साठतं, तिथे पैसे घालावेत.

स्टील वापरताना दोन सवयी उपयोगी पडतात. मीठ थंड पाण्यात टाकून तसंच ठेवू नका. ते तळाशी बसतं आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं, जे पुन्हा भरून येत नाहीत. पाण्याला उकळी आल्यावर मीठ घाला. आणि कोरडं परतायचं असेल तर आधी कढई तापू द्या. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून आटला तर अजून वेळ आहे. तो मोत्यासारखा गोल होऊन पळू लागला की आच मंद करून तेल घाला. थेंब पळतो तो खाली तयार झालेल्या वाफेच्या गादीवर. लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली याचं वर्णन केलं होतं. अशी तापवून तेल घातलेल्या कढईला बटाट्याच्या काचऱ्या किंवा पोहे फारसे धरत नाहीत. 'स्टीलला सगळं चिकटतं' ही तक्रार बहुतेक वेळा गार कढईची असते.

स्टीलवर आलेली इंद्रधनुषी झाक किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग म्हणजे बिघाड नव्हे. झाक म्हणजे तोच ऑक्साइडचा थर उष्णतेने थोडा जाड झालेला असतो आणि डाग चुन्याचे असतात. लिंबाच्या फोडीने किंवा व्हिनेगरने दोन्ही जातात.

तांबं, पितळ आणि कल्हई

टिकाऊपणाचा माझा सगळ्यात आवडता नमुना म्हणजे पितळेचं पातेलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. उष्णता छान पसरवतं, जड असतं, आणि पन्नास वर्षांपूर्वीचं पातेलंही आज चुलीवर चढवता येतं. अट एकच, आत कल्हई हवी.

कारण तांब्याला आंबट चालत नाही. ताक, चिंच, कोकम, टोमॅटो उघड्या तांब्या-पितळेला लागले की तांबं अन्नात उतरतं, पदार्थ कळकतो, हिरवट दिसतो, तोंडाला धातूची चव येते आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. तांब्याच्या भांड्यात रात्रभर साधं पाणी ठेवणं वेगळं; त्यात लिंबू सरबत किंवा ताक ठेवू नये.

कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. कल्हईवाला भांडं आतून लख्ख घासून भट्टीवर धरतो, भात्याने आच फुलवतो, तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर उठतो तो नवसागराचा. ती पूड धातूवरचा मळ आणि ऑक्साइड काढून टाकते, नाहीतर कथील धरणारच नाही. मग कथिलाची कांडी आतून टेकवायची की ती वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने तो चंदेरी थर फिरवून सगळीकडे पोचवायचा. लगेच भांडं पाण्यात. काम काही मिनिटांचं, पण हात बसायला वर्षं लागतात.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवू नये. भाजी, आमटी, भात, खीर या कशानेही भांडं त्या तापमानाच्या जवळ जात नाही, आणि तळणीचं तेलही साधारण १८० अंशांवर असतं. पण तेल विसरून धूर येईपर्यंत तापलं तर कल्हई सरकते. स्टीलच्या घासणीने किंवा लोखंडी उलथन्यानेही ती लवकर जाते. लाकडी पळी आणि मऊ काथ्या बरा. आतून पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हईची वेळ झाली. रोजच्या भांड्याला ती वर्षभरात लागते, सणावारीच निघणाऱ्या भांड्याला कितीतरी उशिरा.

कल्हई लावताना एक गोष्ट आवर्जून विचारा: शुद्ध कथील आहे ना? स्वस्तात काम करायचं म्हणून कोणी शिसं मिसळलेलं कथील किंवा जोडकामाचा डाख वापरला, तर ते शिसं रोज पोटात जातं. मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याने होणारं नुकसान भरून येत नाही. ओळखीचा, भरवशाचा कल्हईवाला शोधा आणि चार पैसे जास्त द्या.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्या-पितळेचं काम पिढ्यांपासून चालत आलेलं आहे, आणि भंडारा शहर तर पितळी भांड्यांसाठीच ओळखलं जातं. तांबट हातोडीने ठोकून जे मठारकाम करतात त्याने शोभा येते, आणि ठोकण्याने पत्रा कडकही होतो, त्यामुळे भांड्याला पोचा कमी येतो. घरात माळ्यावर आजीच्या वेळचं पितळेचं पातेलं असेल, तर नवं ट्रायप्लाय घेण्याआधी ते उतरवून कल्हईला द्या, असं मी मनापासून सांगेन.

बीड आणि लोखंड

घावन, आंबोळी, धिरडी, डोसे यांना बिडाच्या तव्याला तोड नाही. पोळी-भाकरीला लोखंडी पत्र्याचा तवा हलका आणि चपळ. दोन्ही स्वस्त, आणि दोन्हींचं आयुष्य आपल्याच हातात.

तवा 'तयार करणं' म्हणजे त्यावर तेलाचा कडक थर चढवणं. नवा तवा साबणाने घासून कोरडा करायचा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, जादा तेल कापडाने पुसून काढायचं आणि धूर निघेपर्यंत तापवून गार होऊ द्यायचं. असं तीन-चारदा करायचं. तापल्यावर तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि काळी गुळगुळीत, वार्निशासारखी कातडी तयार होते. तेल जास्त लावलं तर ती चिकट होते. नव्या तव्यांच्या बहुतेक तक्रारी इथल्याच. गंज चढला तर घाबरू नका, तारेच्या घासणीने तो काढून पुन्हा पहिल्यापासून करा. तापलेल्या बिडावर गार पाणी मात्र ओतू नका. बीड ठिसूळ असतं, तडकतं, आणि मग ते जोडता येत नाही.

लोखंडी कढईत चिंचेची किंवा आमसुलाची आमटी काळपट होते आणि अन्नात लोह उतरतं. बऱ्याच घरांत लोहाची कमतरता असते, तिथे हे फायद्याचंच. भाजी शिजली की दुसऱ्या भांड्यात काढावी एवढंच. घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा शरीरात लोह साठण्याचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा.

ॲल्युमिनियम आणि नॉनस्टिक

जर्मलचं पातेलं, हिंदालियमची (ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूची) कढई: हलकी, स्वस्त, लवकर तापणारी. ॲल्युमिनियमच्या भांड्यांनी अल्झायमर होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण आंबट आणि खारट पदार्थात हा धातू उतरतो हे खरं, म्हणून सांबार, कढी, टोमॅटोची भाजी त्यात शिजवू नये आणि काहीच साठवून ठेवू नये. खरी काळजी आहे ती कुठल्याही भंगारातून ओतलेल्या, ना छाप ना चिन्ह असलेल्या भांड्यांची. अशा भंगारात शिसं असू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये बाहेरून आलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंदालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरू शकतं असा इशारा दिला. परदेशी राहणाऱ्या लेकीसाठी बॅगेत कढई भरून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं आणि चिन्ह असलेलीच कढई द्यावी.

हार्ड ॲनोडाइज्ड भांडं आतून ॲल्युमिनियमचंच असतं, पण त्याच्या पृष्ठभागावर विजेच्या मदतीने ऑक्साइडचा जाड, कठीण थर चढवलेला असतो. त्यामुळे आंबटाशी फारसा संबंध येत नाही. सोडा आणि डिशवॉशरची कडक पावडर या थराला खाते.

नॉनस्टिकचा लेप म्हणजे टेफ्लॉन. रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाला १९३८ साली तो अपघातानेच सापडला. हा पदार्थ स्वतः कशाशीच रासायनिक क्रिया करत नाही, त्यामुळे एखादा कपटा पोटात गेला तरी तसाच बाहेर पडतो. धोका उष्णतेचा. साधारण २६० अंशांच्या पुढे लेप बिघडायला लागतो आणि त्याहून तापला की त्याचा धूर माणसाला ताप-खोकला आणू शकतो. पिंजऱ्यातले पक्षी तर त्या धुराने मरतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथे पोचतो. जुन्या टेफ्लॉनच्या निर्मितीत वापरलं जाणारं पीएफओए हे रसायन वेगळं; ते शरीरात आणि पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं. २०१९ मध्ये घातक, टिकून राहणाऱ्या रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराखाली त्यावर जागतिक निर्बंध आले, म्हणून फार जुनी किंवा बिननावाची नॉनस्टिक भांडी ठेवू नयेत.

नॉनस्टिक घ्यावंच का? एखादा छोटा पॅन, ऑम्लेट-धिरड्यापुरता, मंद आच, लाकडी उलथनं, एवढ्यापुरता माझा आक्षेप नाही. पण फोडणी, मसाला परतणं, तळण यांसाठी नॉनस्टिक कढई घेणं मला पटत नाही. रोज वापरलं तर लेप दोन ते पाच वर्षांत जातो आणि घरगुती भांड्याचा लेप पुन्हा चढवून देणारं सहसा कोणी भेटत नाही. महागडं नॉनस्टिक घेण्यापेक्षा मध्यम किमतीचं घ्यावं आणि ते संपणारं आहे हे धरून चालावं. 'सिरॅमिक' लेपाची भांडी जास्त आच सोसतात, पण त्यांचा गुळगुळीतपणा बहुधा टेफ्लॉनच्याही आधी जातो.

कुकर

कुकरमध्ये वातावरणाच्या दाबावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो जास्त दाब तयार होतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून तूर पटकन शिजते. आपल्याकडे वरण-भात डब्यांत लावायची जी पद्धत आहे तिच्यामुळे ॲल्युमिनियमचा प्रश्न आपोआप सुटतो, कारण कुकरला फक्त पाणी लागतं. त्या पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटुक टाकलं तर कुकर आतून काळाही पडत नाही. राजमा, छोले, मटण थेट कुकरमध्ये शिजवणाऱ्या घरांनी मात्र स्टीलचा घ्यावा.

कुकरच्या बाबतीत काटकसर जिवाशी येते. रिंग कडक झाली, बाजूने वाफ सुटू लागली की बदलायची. रोजच्या कुकरची वर्षभरात बदलावी लागते. सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा उडाला की तो पुन्हा बसवायचा नसतो, त्याच कंपनीचा नवा लावायचा. शिट्टीची नळी रोज उजेडाकडे धरून बघावी, डाळीचा फेस तिथेच बसतो. बूड फुगलं असेल, झाकण नीट बसत नसेल किंवा काठ वाकडा झाला असेल तर तो कुकर बाद. ठोकून सरळ करून घेऊ नका. नवा घेताना आयएस २३४७ आणि आयएसआय चिन्ह बघा.

ताटं-वाट्या, काच आणि चिनी माती

रोजच्या जेवणाला स्टीलची ताटं-वाट्या हेच माझं उत्तर. पडली तर पोचा येतो, फुटत नाहीत. काशाची ताटं-वाट्या घरात असतील तर त्यात जेवायला हरकत नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील, त्याला कल्हई लागत नाही, पण आंबट फार वेळ ठेवू नये आणि ते आपटलं तर तडकतं.

काचेसारखी पांढरी, हलकी डिनर सेटची ताटं असतात ती ओपल काच. ती टेम्पर केलेली असते म्हणून किरकोळ आपटण्याने फुटत नाही. पण फुटते तेव्हा एकदम शेकडो तुकडे होतात, आणि काठाला खोल ओरखडा असलेली प्लेट कधीकधी आधी काही न कळवता फुटते. बोरोसिलिकेट काच उष्णतेने साध्या काचेच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच प्रसरण पावते, म्हणून ती ओव्हनमध्ये तग धरते. तरी फ्रीजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये ठेवू नये.

मेलामाइन रंगीत, हलकं, न फुटणारं. पण ते प्लास्टिक आहे. सुमारे ७० अंशांच्या वर, विशेषतः आंबट पदार्थात, त्यातून मेलामाइन उतरू शकतं. उकळती आमटी त्यात वाढू नये आणि मायक्रोवेव्हमध्ये तर कधीच ठेवू नये. फराळ, फळं, कोरडा खाऊ यांना ठीक.

चिनी मातीत टिकाऊपणा भाजण्याच्या तापमानावर ठरतो. पोर्सिलेन साधारण १३०० अंशांच्या आसपास भाजतात, म्हणून ते कठीण असतं आणि पाणी पीत नाही. लोणच्याला चिनी मातीची बरणी आजही सगळ्यात चांगली, कारण मीठ आणि आंबट तिच्या चकचकीत लेपाला काही करू शकत नाही. पण भडक लाल-पिवळ्या रंगाची, स्वस्त, रंगकाम आतल्या बाजूला असलेली भांडी अन्नासाठी घेऊ नका. अशा रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं. मातीची भांडीही बिनलेपाची घ्यावीत. खान्देशात मांडे खापरावर भाजतात ते खापरही बिनलेपाचंच असतं. मातीची भांडी वापरण्याआधी पाण्यात भिजवायची आणि आच हळूहळू वाढवायची.

सेट घेण्याबाबत माझं मत ठाम आहे: नक्षीचा ३५ नगांचा सेट घेऊ नका. चार वर्षांनी तीन प्लेटा फुटतात आणि ती नक्षी बंद झालेली असते. साधी पांढरी, सुटी मिळणारी भांडी घ्या, म्हणजे फुटेल तेवढीच आणता येतील. मायक्रोवेव्हला चालेल का याची शंका असेल तर रिकामी प्लेट आणि शेजारी पाण्याचा कप ठेवून एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि प्लेट गार राहिली तर ती चालेल. सोनेरी-चंदेरी काठाची मात्र आत ठेवूच नये.

काय बदलायचं, काय दुरुस्त करायचं

एकदम सगळं स्वयंपाकघर बदलण्याची गरज कोणालाच नसते. क्रम लावायचा तर आधी धोक्याचं: फुगलेल्या बुडाचा कुकर, लेप सोललेलं नॉनस्टिक, तडा गेलेल्या आणि काठ उडालेल्या प्लेटा. तड्यात अन्न अडकतं, ते घासून निघत नाही, आणि गरम पदार्थाने प्लेट दुभंगू शकते. त्यानंतर आंबट शिजवण्याचं पातळ जर्मलचं पातेलं. मग रोजची कढई, कारण घरातलं सगळ्यात जास्त काम तिच्याच अंगावर पडतं. ती एक चांगली घेतली की बाकीच्यांची निकड कमी होते.

हलणारं हँडल हे भांडं टाकायचं कारण नव्हे. स्क्रूचं असेल तर नवं मिळतं, रिव्हेटचं असेल तर भांडी दुरुस्त करणारा पुन्हा ठोकून देतो. घेतानाच हे बघून ठेवा: वेल्डिंगचा डाग देऊन जोडलेलं हँडल निघालं की घरी काही करता येत नाही. पोचे काढून मिळतात. तळाला चिकटलेला करपट थर पाण्यात खाण्याचा सोडा घालून उकळला की सुटतो, पण हा उपाय स्टीलला. ॲल्युमिनियम सोड्याने काळं पडतं.

जुनं देऊन नवं घेताना मोडीचा भाव विचारा. तांब्या-पितळेची मोड चांगल्या भावाने जाते, स्टीलची त्याहून बरीच कमी, नॉनस्टिकची जवळजवळ नाहीच. आधी मोड वजन करून घ्या, त्याचा आकडा लिहून घ्या, मगच नव्या भांड्याचा भाव बोला. दोन्ही हिशोब एकत्र केले की कुठे किती सुटलं ते कळत नाही. नव्या भांड्यावर नाव घालून घेणार असाल तर नुसतं नाव न घालता खरेदीची तारीख आणि धातूची जातही कोरून घ्या. दहा वर्षांनी २०२ कुठलं आणि ३०४ कुठलं हे सांगायला घरात दुसरं काही नसतं, आणि बिल तर तोवर कधीच हरवलेलं असतं.